मिठाचा हिशेब आणि मेंदूची वेस

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात मीठ ही पूर्वापार बाहेरून येणारी वस्तू आहे. धान शेतात पिकते. मोह, चारोळी, डिंक आणि तेंदूपाने जंगल देते. मीठ मात्र समुद्रकाठाहून शेकडो कोस प्रवास करून आठवडी बाजारात पोहोचते. वनोपज देऊन मीठ घेण्याची रीत या भागात दीर्घकाळ चालत आली, आणि त्या व्यवहारात तराजू नेहमीच सरळ राहिला असे म्हणता येत नाही. ज्या वस्तूसाठी माणूस चारोळीसारखा मोलाचा माल देऊन टाकतो, ती वस्तू केवळ जिभेच्या चवीची नसते. शरीर ती मागत असते. पिढ्यान्‌पिढ्या पोत्याने मीठ विकणाऱ्या घरांनीही, ते मीठ माणसाच्या रक्तात गेल्यावर कोणते काम करते, याची माहिती ठेवणे उपयोगाचे ठरेल. त्यातही मीठ, पाणी आणि मेंदू यांचे परस्परसंबंध जाणून घेतले, तर या भागातील दोन कठीण ऋतूंत, म्हणजे मे महिन्याच्या उन्हात आणि पावसाळ्यातील तापाच्या दिवसांत, एखादा जीव वाचू शकतो.

प्रथम आकडे पाहू. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते. स्वयंपाकघरातील मिठाच्या मापात हे प्रमाण लिटरला सुमारे आठ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चमचा होते. किमान आणि कमाल मर्यादांमधील अंतर अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक आहे. आहारात कधी लोणचे येते, कधी अळणी जेवण होते, कधी दिवसभर घाम गळतो. तरीही मूत्रपिंडे आणि त्यांना आदेश देणाऱ्या ग्रंथी हा ताळेबंद इतक्या बारीक फरकापर्यंत जुळवून ठेवतात. हेच प्रमाण वेगाने घसरून सात ग्रॅमवर आले, तर माणूस बडबडू लागतो, त्याला झटके येतात, तो बेशुद्ध पडू शकतो. एका लिटरमागे एका ग्रॅमची तूट एवढे मोठे संकट ओढवते, आणि ते संकट हातापायांवर न येता प्रथम मेंदूवर येते. याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे.

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला. सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र जवळजवळ कोरा राहिला. मेंदूला त्या रंगाची ओढच नसावी, असा तर्क त्यांनी केला. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलट प्रयोग केला. त्यांनी रंग रक्तात न सोडता मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि उर्वरित शरीर कोरे राहिले. म्हणजे रंग मेंदूला लागत नाही हा तर्क टिकला नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक वेस आहे, आणि ती ओलांडून जाण्याची परवानगी सर्वांना नाही, हे सिद्ध झाले.

ही वेस म्हणजे मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंती होत. शरीरात इतरत्र या भिंतींच्या पेशींमध्ये फटी असतात आणि त्यांतून क्षार सहज आत-बाहेर करतात. मेंदूत मात्र शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. एका मानवी मेंदूतील अशा केशवाहिन्यांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर सांगितली जाते. या एवढ्या लांब तटबंदीतून प्राणवायू सहज जातो. साखरेसाठी स्वतंत्र वाहक ठेवलेले असतात. क्षार अतिशय मंद गतीने आणि मोजूनमापून जातात. पाण्याला मात्र फारशी अडवणूक होत नाही. पुढील सारे प्रकरण या एका भेदावर उभे आहे. मीठ वेशीवर थांबते आणि पाणी पुढे निघून जाते.

वेशीच्या आत मेंदूचा स्वतःचा एक जलसाठा आहे. त्याला मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. मेंदूच्या पोकळ्यांमध्ये, मेंदूच्या पृष्ठभागावर आणि पाठीच्या कण्यात मिळून हा द्रव अवघा १५० मिलिलिटर, म्हणजे एका चहाच्या कपाएवढा असतो. परंतु तो साचलेला नसतो. दररोज सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार होतो आणि तेवढाच जुना द्रव परत रक्तात जातो. दिवसातून तीन ते चार वेळा सारा साठा बदलतो. दिसायला तो पाण्यासारखा स्वच्छ असतो, पण त्याचा हिशेब रक्ताहून वेगळा आहे. सोडियम रक्ताएवढेच, पोटॅशियम रक्ताहून कमी, क्लोराइड रक्ताहून अधिक, साखर रक्तातील साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश आणि प्रथिने अगदी नाममात्र. रक्त नुसते गाळले गेले असते, तर क्षारांचा असा निराळा ताळेबंद दिसला नसता. हा द्रव गाळून पाझरत नाही. तो शक्ती खर्च करून बनवावा लागतो.

हे काम मेंदूच्या पोकळ्यांत लोंबणारे केशवाहिन्यांचे तांबूस झुबके करतात. त्यांच्या पेशींवर सोडियमचे पंप बसवलेले आहेत. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये या पंपाचा शोध प्रसिद्ध केला आणि १९९७ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप प्रत्येक खेपेस सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. सोडियमपाठोपाठ क्लोराइड आणि बायकार्बोनेट जातात, आणि क्षारांच्या मागे पाणी जाते. पाण्यासाठी पेशींच्या भिंतीत स्वतंत्र नळ्या असतात. त्या शोधणारे अमेरिकेचे पीटर अॅग्रे हे २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. पाणी केवळ क्षारांच्या ओढीने येते, की काही वाहक क्षारांबरोबर पाणीही उचलून नेतात, यावर संशोधन अजून चालू आहे. कोपनहेगन विद्यापीठातील नॅना मॅकॉले यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून असे दाखवले, की या द्रवाचा सुमारे निम्मा भाग अशा एका वाहकाच्या कामावर अवलंबून असतो.

आता वेशीवरील नियम आणि कवटीची रचना एकत्र पाहावी. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मस्तिष्कमेरुद्रव हे तीन भागीदार ठरलेल्या जागेत राहतात. एकाने जागा वाढवली, तर दुसऱ्याला सोडावी लागते. रक्तातील सोडियम अचानक कमी झाले, की वेशीच्या आत क्षार अधिक आणि बाहेर कमी अशी स्थिती होते. क्षार लगेच बाहेर येऊ शकत नाहीत, म्हणून समतोल साधण्यासाठी पाणी आत शिरते. मेंदू फुगतो. पायाला सूज आली तर कातडी ताणते. मेंदूला सूज आली तर ताणण्यास जागाच नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग माणूस असंबद्ध बोलतो, आणि पुढे झटके व बेशुद्धी येते. रक्तातील सोडियम वाढले, तर उलट घडते. पाणी बाहेर ओढले जाते आणि मेंदू आकसतो. तीव्र जुलाबात पाणी न मिळालेल्या बालकाची अवस्था अनेकदा अशी होते.

मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. काही वर्षी तो ४७ अंशांवरही गेला आहे. नेमक्या याच दिवसांत तेंदूपानांचा हंगाम असतो. मजूर पहाटेपासून जंगलात असतात, हमाल टिनाच्या छपराखाली पोती वाहतात, राइस मिलमध्ये आणि कोळशाच्या वाहतुकीत काम चालूच असते. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, म्हणून घामाबरोबर आधी मिठापेक्षा पाणी अधिक जाते. परंतु पुढील सहा-आठ तास तो माणूस केवळ साधे पाणी पीत राहिला, तर पाण्याची तूट भरून निघते आणि मिठाची तूट खात्यावर तशीच राहते. रक्त पातळ होते व मेंदूच्या वेशीतून पाणी आत जाऊ लागते. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले, आणि त्यांत पाणी अधिक प्यायल्यामुळे धावताना वजन वाढलेल्यांचे प्रमाण लक्षणीय होते. धडधाकट धावपटूंची ही स्थिती, तर अर्धपोटी मजुराची काय होत असेल याची कल्पना करावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उन्हात काम करणारा माणूस अंगाने तापलेला असेल आणि भ्रमिष्टासारखे बोलत असेल, तर तो उष्माघात समजावा. तेथे मिठाचा हिशेब मांडत बसू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णालयाकडे निघावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये. ते फुप्फुसात जाते.

हाच धोका सुखवस्तू घरांतही असतो, पण तो वेगळ्या वाटेने येतो. घरातील ज्येष्ठ मंडळी रक्तदाबासाठी जी गोळी घेतात, तिच्यात अनेकदा लघवीवाटे सोडियम बाहेर टाकणारे औषध असते. उन्हाळ्यात घाम वाढतो, रक्तदाबाच्या भीतीने जेवण अळणी केलेले असते आणि प्रेमापोटी मुले-सुना वारंवार पाणी पाजतात. सत्तरी उलटलेल्या आजी दोन दिवस सुस्त राहतात, तिसऱ्या दिवशी नातवाचे नाव चुकतात, चालताना तोल जातो. घरचे ते वयाचे मानतात किंवा पक्षाघाताच्या शंकेने घाबरतात. अशा वेळी रक्तातील सोडियमची साधी तपासणी करून घ्यावी. दीर्घ तपश्चर्येलाही हे लागू आहे. केवळ उकळलेल्या पाण्यावर अनेक दिवस राहताना शरीरात मीठ अजिबात येत नाही. त्यात अशी गोळी चालू असेल, तर तूट झपाट्याने वाढते. पच्चक्खाण घेण्यापूर्वी चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवून त्यांचा सल्ला घेणे हे तपाच्या आड येत नाही. उलट तप सुखरूप पूर्ण होण्यास ते साहाय्यक ठरते. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मिठाची आणि पाण्याची तूट एकाच वेळी भरून काढण्याचा स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांचा हात धरून शरीरात शिरतात आणि पाणी त्यांच्या मागे येते. या तत्त्वावर बनलेले ओआरएस मोठ्या प्रमाणावर वापरून पाहण्याची वेळ १९७१ मध्ये आली. पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याच्या सोड्याची पुडी पाण्यात विरघळवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती गडचिरोलीतील चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतही आहेत. त्यामुळे या इतिहासाशी हा भाग अगदीच अपरिचित नाही.

पुडी मिळाली नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण ठेवावे. माप चुकवू नये, कारण मीठ जास्त झाले तर लहान मुलाचा मेंदू आकसण्याचा धोका असतो. मीठ घातलेली तांदळाची पेज, आंबील आणि कैरीचे पन्हे ही या भागातील उन्हाळी पेये याच शहाणपणातून आलेली आहेत. दुकानदारांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. ओआरएस असे नाव छापून गोड पेये विकण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. अशा पेयांत साखर फार आणि सोडियम कमी असते. जुलाब झालेल्या मुलाला ती दिल्यास पाणी आतड्यातच ओढले जाऊन जुलाब वाढतात. गिऱ्हाइकाने ओआरएस मागितले, तर त्याच्या हाती खरी पुडीच पडली पाहिजे. नफ्याचा प्रश्न येथे गौण आहे.

पावसाळ्यात संकटाचे रूप बदलते. गडचिरोली हा महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या जिल्ह्यांपैकी आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप आढळतो. या जंतूने ग्रासलेल्या तांबड्या पेशी चिकट होतात आणि मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. वेशीवरच गर्दी होते. रक्त अडते, सांधे सैल होतात आणि जे आत जाऊ नये ते आत पाझरू लागते. यालाच मेंदूचा हिवताप म्हणतात. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात, तसेच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ज्या आजारांशी सामना केला, त्यांत हिवतापाचे स्थान मोठे आहे.

आफ्रिकेतील मलावी देशात मेंदूचा हिवताप झालेल्या मुलांच्या मेंदूची एमआरआय तपासणी करण्यात आली. टेरी टेलर यांच्या गटाने २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जी मुले दगावली, त्यांतील बहुतेकांच्या मेंदूला तीव्र सूज होती. मग सूज उतरवणारे मॅनिटॉल द्यावे, असे कोणासही वाटेल. ते वेशीबाहेर राहून मेंदूतील पाणी ओढून घेते आणि इतर काही आजारांत उपयोगी पडते. परंतु ओडिशातील राउरकेला येथील इस्पात जनरल रुग्णालयात याची पद्धतशीर चाचणी घेतली असता मॅनिटॉलने लाभ झाला नाही. उलट रुग्णांची बेशुद्धी लांबली. या आजारात सर्वाधिक फलदायी ठरतो तो जंतूवरील त्वरित उपचार, म्हणजे आर्टेसुनेटचे इंजेक्शन.

याच संदर्भात सलाइनचा आग्रहही तपासून पाहावा. ताप आला, अंग गळाले, की ‘एक बाटली लावा’ ही मागणी खेड्यांत आणि शहरांतही होते. सलाइन या एका नावाखाली लोक दोन वेगळे द्रव ओळखतात. नॉर्मल सलाइनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि मीठ शून्य. ती साखर शरीर काही वेळात वापरून टाकते आणि मागे उरते केवळ पाणी. तापाने आजारी असलेल्या शरीराची जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याची क्षमता आधीच मंदावलेली असते. हे पाणी मग मेंदूच्या वेशीतून आत जाते. म्हणूनच ब्रिटनमध्ये २००७ साली मुलांना असे कमी क्षारांचे द्रव शिरेतून देण्याविरुद्ध रुग्णालयांना इशारा देण्यात आला. नॉर्मल सलाइनही बेहिशेब देणे घातक ठरते. युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,१४१ गंभीर आजारी, तापाच्या मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना शिरेतून एकदम भरपूर द्रव दिला, त्यांच्यात ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक होते. ज्यांना तसा दिला नाही, त्यांच्यात ते ७.३ टक्के होते. त्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना हिवताप होता. बाटली लावणे हा उपचार आहे, दिलासा नव्हे. तो कधी, कोणता आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

शेवटी, घाईचा एक धोका ध्यानात ठेवावा. सोडियम सावकाश, दिवसेंदिवस उतरत गेले, तर मेंदू स्वतःच्या भांडारातील पोटॅशियम आणि इतर द्रव्ये बाहेर काढून जुळवून घेतो आणि सूज टाळतो. ही तडजोड साधण्यास त्याला सुमारे दोन दिवस लागतात. अशा रुग्णाचे सोडियम एका दिवसात झटकन वर नेले, तर रिकाम्या भांडारातून पाणी ओढले जाते आणि मज्जातंतूंवरील आवरणास कायमची इजा होऊ शकते. म्हणून दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा अधिक वाढ होऊ न देण्याचा दंडक डॉक्टर पाळतात. ‘अजून बरे का वाटत नाही’ असे म्हणून नातेवाइकांनी त्यांच्यामागे तगादा लावू नये. जुने देणे हप्त्याहप्त्यानेच फिटते.

भामरागडमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला, की पुलावरून पाणी जाते आणि गावांचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत गावातील ज्या घरासमोर वाहन उभे असते, ते पुष्कळदा दुकानदाराचे असते. या घरांनी चार गोष्टी कराव्यात. ताप आलेल्या माणसाची २४ तासांच्या आत आशा कार्यकर्तीकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्ततपासणी होईल असे पाहावे. तापात बडबड, झटके किंवा गुंगी दिसली, तर रोग्याला कुशीवर झोपवून तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे. उन्हाळ्यात हमाल-मजुरांसाठी पाण्याच्या माठाशेजारी ओआरएसच्या पुड्या, मिठाचे पन्हे व दुपारची विश्रांती ठेवावी. आणि घरातील ज्येष्ठांच्या गोळ्यांची यादी पाकिटात बाळगावी. चारोळीच्या बदल्यात मीठ तोलणाऱ्या जुन्या तराजूचे ऋण या जंगलावर काम करणाऱ्या माणसांना वेळेवर दिलेल्या एका पुडीने फिटणार नाही. पण तेथून फेडीला सुरुवात मात्र होऊ शकते.